लाटण्याचं बूच

माझ्या स्वयंपाकघरात एक आखूड लाटणं आहे. एक टोक नीट निमुळतं, दुसरं करवतीनं कापलेलं. सुना विचारतात, हे टाकून का देत नाही? मी म्हणते, तुम्ही तुमच्या पोळ्यांकडे बघा. खरं सांगायला बसले तर पोळ्या करपतील, म्हणून विषय तिथेच मिटवते. आज मात्र लिहायचंच असं ठरवलं आहे.

लग्न होऊन मी जयपूरला आले तेव्हा हे लाटणं माझ्या ट्रंकेत होतं. आमच्या खाडीकाठच्या घरी पोळ्या सणालाच व्हायच्या. रोजचा भात, नाहीतर हातावर थापलेली भाकरी. पण जावई केंद्र सरकारच्या नोकरीत, तोही थेट राजस्थानात, तिथे गव्हाचं राज्य, एवढं माझ्या बाबांना कुणीतरी सांगितलं. त्यांनी होडीच्या कामातून उरलेल्या फणसाच्या लाकडाचं लाटणं करून दिलं. बाबा होड्या बांधायचे. आमच्या खाडीत त्यांच्या हातच्या किती होड्या फिरत होत्या ते त्यांनाही सांगता आलं नसतं. आम्ही तिघी मुलीच. घरात सगळीकडे हत्यारं, आणि त्यांतल्या एकालाही आम्ही हात लावायचा नाही. लाकूड तासायचा वाकस उचलून बघितला म्हणून मी एकदा मार खाल्ला आहे. तो राग माझ्या मनात पुष्कळ वर्षं होता, हेही लिहून टाकते.

आई गेली आणि पाठोपाठ बाबांची नजर जायला लागली. दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू. मी हट्टानं त्यांना जयपूरला आणलं. इथल्या मोठ्या इस्पितळातल्या डॉक्टरांनी तपासून सांगितलं की मोतीबिंदू अजून पिकला नाही, पिकल्याशिवाय हात लावता येत नाही, सहा-आठ महिने थांबा. त्या काळी तसंच होतं. आंब्याची वाट बघावी तशी आम्ही मोतीबिंदू पिकायची वाट बघायला लागलो.

बाबांना तोवर उजेड कळायचा, माणसाची सावली कळायची, बाकी काही नाही. येताना त्यांनी सगळी हत्यारं पुतण्याला देऊन टाकली होती. हत्यारं देऊन टाकलेला सुतार काय मनात धरून बसतो ते मला कळत होतं. जेवण दोन घासांवर आलं. दिवसभर व्हरांड्यात भिंतीला टेकून बसायचे आणि संध्याकाळी एकच विचारायचे, गाडी कधीची आहे. घरी जाऊन ओटीवर पडून राहायचं, इतकंच त्यांना हवं होतं. डोळे परत आले तरी या माणसाला काही बघायची इच्छा उरेल की नाही, याची मला भीती वाटायला लागली होती.

आमच्या मागच्या बंगल्यात एक मेजरसाहेब राहायचे. साताऱ्याकडचे, नुकतेच निवृत्त झालेले, बायको माहेरी गेली की दोन-दोन महिने एकटेच. त्यांनी फौजेत असताना पुण्याकडे कुठल्याशा धरणावर शिडाच्या होड्या बघितल्या होत्या. तेव्हापासून डोक्यात किडा शिरला होता. इंग्रजी मासिकातला नकाशा समोर ठेवून त्यांनी बंगल्यामागच्या छपराखाली बारा फुटी होडी बांधायला घेतली. प्लायवूड, पितळी स्क्रू, कसलासा उग्र वासाचा गोंद. शहरापासून पंधरा-वीस मैलांवर रामगढचा बांध, म्हणजे धरणाचा मोठा तलाव आहे, तिथे ती सोडायची. आजूबाजूला वाळू उडते आहे, उंट जात आहेत आणि छपराखाली होडी. गल्लीतली माणसं भिंतीवरून डोकावून जायची. आमचे हे म्हणायचे, वेड पांघरून पेडगावला जाणारे बघितले होते, होडीतून जाणारा पहिलाच.

होडी पूर्ण झाल्यावर ती गळते का ते बघायचं होतं. मेजरसाहेबांनी विचार केला, रामगढला नेऊन फजिती नको, इथेच बघू. पाण्यात होडी घालता येत नाही तर होडीत पाणी घालावं. वाळूच्या पोत्यांवर होडी नीट टेकवली आणि आमच्या गल्लीत पाणी भरणाऱ्या भिश्त्याला बोलावलं. तो पाठीवर चामड्याची मशक घेऊन सकाळभर खेपा घालत होता. तीस तरी मशकी ओतल्या असतील. एक थेंब बाहेर आला नाही. मेजरसाहेबांनी आम्हां सगळ्यांना बोलावून बर्फी वाटली.

मग प्रश्न आला की हे पाणी काढायचं कसं. चार माणसं लावून होडी कलती करायला गेले तर जागची हलेना. कलंडली तर कड फुटेल ही भीती. शेवटी तांबे, डबे, बादल्या घेऊन सगळे उपसायला बसलो. वर गल्लीतल्या बायका बोल लावायला मोकळ्या. नळाला तासभर पाणी येतं आणि हे साहेब बसलेत पाण्याशी खेळत. त्यांचं काही चुकलं नव्हतं. उपसलेलं पाणी मी माझ्या तुळशीला आणि त्यांच्या मोगऱ्याला घातलं, तरी उरलंच.

या गोंधळात मी बाबांना तिथे आणून बसवलं होतं. एकटे घरी कशाला, एवढाच विचार. ते उठले, होडीच्या कडेला हात लावला आणि कडेकडेनं चालत पूर्ण फेरी घातली. मग वाकून मागच्या फळीच्या तळाशी चाचपत राहिले. तिथे काही सापडेना तेव्हा मला विचारलं,

"होडयेक बूच खय आसा?"

मेजरसाहेबांना मी सांगितलं की बाबा विचारताहेत बूच कुठे आहे. मेजरसाहेब हसले. वहिनी, होडीला आपल्या हातानं भोक कोण पाडतं, म्हणाले. बाबांनी हसणं ऐकलं, पण त्यांना राग नाही आला. मला म्हणाले, त्यांना सांग, पाणी खालूनच येतं असं नाही. लाटेचं येतं, पावसाचं येतं. होडी काठावर ओढली की ते जाणार कुठून? आत्ता तांब्यांनी उपसताहेत तसंच दर खेपेला उपसणार काय? मेजरसाहेब हातातल्या ओल्या डब्याकडे बघत उभे राहिले. नकाशा पुन्हा काढला. त्यात मागच्या फळीवर एक बारीक वर्तुळ होतं, जे ते आजवर छपाईचा डाग समजत होते.

संध्याकाळी ते आमच्याकडे आले आणि बाबांसमोर खाली सतरंजीवर बसले. बूच तुम्हीच बसवायचं, म्हणाले. बाबा म्हणाले, मला दिसत नाही, मी आता त्यातला नाही. मेजरसाहेब माझ्याकडे बघायला लागले. मी का बोलले कोण जाणे, पण बोलून गेले, "बाबा, तू सांग. मी करतंय."

बाबांच्या तोंडावर काय आलं ते मला नीट वाचता आलं नाही. मग त्यांनी विचारलं की आपल्या घरची रीत ठाऊक आहे ना. ती मला ठाऊक होती. बूच जो बसवील त्यानं पहिल्या खेपेला होडीत बसायचं. होडी चालवणाऱ्या गाबताला, मालकाला नंतर. आजोबांपासून चालत आलेली गोष्ट होती, आणि तिच्यात वाटाघाट नव्हती. मला पोहता येत नाही हेही त्यांना ठाऊक होतं. मी हो म्हटलं. त्या रात्री बाबा अख्खी पोळी जेवले.

दुसऱ्या दिवशी लाकडाची निवड. मेजरसाहेबांनी शिसवाचा तुकडा आणला. बाबांनी नख लावून बघितलं, परत दिला. दगड आहे, म्हणाले, फुगायचं नाही. सागाचा आणला, तो हुंगून परत केला, यात तेल आहे. मग माझ्याकडे तोंड करून म्हणाले, "तुजा लाटणा हाड."

मी भडकलेच. सगळ्या जयपूर शहरात दुसरं लाकूड नाही का, हे माझ्या लग्नातलं आहे. ते शांतपणे म्हणाले, म्हणून तर मला माहीत आहे ते कुठल्या झाडाचं आहे. मी धुसफुसत लाटणं आणलं. टोकाकडून चार बोटं मोजून त्यांनी नखानं खूण केली आणि मी माझ्या हातानं करवत चालवली. कापल्याबरोबर आतलं पिवळं लाकूड दिसलं आणि आमच्या घरामागच्या परड्याचा वास आला. बाबांनी तो तुकडा नाकाशी धरला आणि बराच वेळ तसेच बसून राहिले.

त्यापुढचे आठ दिवस मी जे बघितलं त्याला मी अजून सरावले नाही. ज्या हातांनी मला लहानपणी हत्यारांपासून दूर लोटलं, ते हात माझ्या हातांवर होते. मागच्या फळीला आतून जाड ठोकळा चिकटवला होता, त्यात गिरमिट चालवायचं होतं. मेजरसाहेबांना आपल्या होडीला भोक पडताना बघवेना, ते चहा करतो म्हणून आत निघून गेले. मी आतून गिरमिट फिरवत होते आणि बाबांनी फळीच्या बाहेरच्या बाजूला तळहात टेकवला होता. बराच वेळ गेला. मध्येच ते म्हणाले, थांब. मी थांबले. टोक त्यांच्या तळहाताला टोचलं होतं, फक्त टोचलं होतं, रक्त नाही. आता बाहेरून, म्हणाले. तेवढ्या बारीक छिद्रात बाहेरून गिरमिट लावलं आणि आरपार झालं. भोकाची कड कुठेही उचकटली नाही. आतूनच सगळं पाडलं असतं तर बाहेरची फळी चिरफाळली असती, हे मला नंतर समजलं. एका आंधळ्या माणसानं आपला हात लाकडापलीकडे ठेवून पोलादाचं टोक ओळखलं, हे मी डोळ्यांनी बघितलं नसतं तर माझा विश्वास बसला नसता.

मग भोक कानशीनं बाहेरच्या अंगाला निमुळतं करायचं आणि बूच त्याला जोडीचं. बूच आतून बसवायचं. बाहेरून लावलं आणि पाण्यात निघालं तर बुडी कोण मारणार, म्हणाले. बुचाला कंदिलाची काजळी फासायची, भोकात घालून एक वेढा द्यायचा, काढायचं. जिथे काजळी पुसली गेली तिथे लाकूड लागतंय, तिथे काचेच्या तुकड्यानं खरवडायचं. पुन्हा काजळी, पुन्हा वेढा. काजळी कुठे पुसली ते मी सांगायची आणि बाबा अंगठा फिरवून म्हणायचे, तिथे नाही, त्याच्या शेजारी. आणि ते बरोबर निघायचं. माझे डोळे धडधाकट होते आणि खोटे पडत होते. काम चालू असताना बूच ओल्या फडक्यात ठेवायचं, कारण आमच्याकडे लाकूड ओलंच असतं, हवाच ओली असते.

आठव्या दिवशी बूच घालून फिरवलं आणि किर्र आवाज आला, नव्या वहाणेचा येतो तसा. बाबांची मान वर झाली. "आवाज इलो," म्हणाले. कामाविषयी त्यांच्या तोंडून निघालेला तेवढाच चांगला शब्द. ठोकायचं कधीच नाही, नुसतं दाबायचं आणि अर्धा वेढा द्यायचा, हे त्यांनी मला तीनदा बजावलं. होडी काठावर असताना बूच काढून ठेवायचं हीसुद्धा रीतच होती. म्हणून मी ते घरी आणलं आणि फडताळात मसाल्याच्या डब्यांमागे ठेवून दिलं.

तिथे आम्ही चुकलो. बाबाही आणि मीही. खरं म्हणजे भिश्त्यानं मला जवळजवळ सांगितलं होतं. तो सकाळी पाणी ओतून झालं तरी मशकीत तळाला थोडं पाणी ठेवायचा. कशाला ओझं वाहतोस, मी एकदा विचारलं. "सूखी तो गयी, बाईसा," तो म्हणाला. "इसे रोज पानी पिलाना पडता है." मी ते ऐकलं आणि सोडून दिलं. माझं लहानपण खाडीकाठी गेलं होतं. कोरडं होणं म्हणजे काय ते मला माहीतच नव्हतं.

मेजरसाहेबांनी पाडव्याचा मुहूर्त धरला. मध्ये तीन आठवडे गेले. होळी होऊन गेली होती, ऊन तापायला लागलं होतं, ओठ फुटत होते. बाबांमध्ये मात्र फरक पडला होता. ते जेवत होते. गाडी कधीची आहे हे विचारायचं विसरले होते. वारा कुठल्या अंगाचा असतो, बांध केवढा आहे, पाणी गोडं ना, असलं काहीबाही विचारायचे. मला आनंद व्हायचा आणि त्याच्या दुप्पट धास्ती वाटायची. होडी गळली तर लोक मला कशाला विचारतील, ते बाबांना हसतील. आंधळ्याकडून काम करवून घेतलं म्हणतील. एकदा का ते कानांवर पडलं की हा माणूस पुन्हा भिंतीला टेकून बसणार, आणि मग मी त्याला उठवू शकणार नाही. माझ्या बुडण्यापेक्षा मला त्याची भीती जास्त होती.

पाडव्याच्या आदल्या दिवशी होडी उंटगाडीवर चढवून निघाली. शिडाची काठी आडवी बांधलेली. गणगौरीचे दिवस जवळ आले होते, शहरात देवी निघायची तयारी चाललेली. ही कुणातरी देवाचीच स्वारी असणार असं समजून वाटेत म्हाताऱ्या बायका हात जोडत होत्या. एकीनं तर होडीला हळदीकुंकू लावलं. उंट आपला मान डोलवत चालला होता आणि मागे आभाळाखाली, कोरड्या रस्त्यावरून, होडी जात होती. गच्चीत उभी राहून मी ती दिसेनाशी होईपर्यंत बघितली.

पहाटे घरी गुढी उभारली, नैवेद्य दाखवला आणि आम्ही बसनं रामगढला गेलो. मेजरसाहेबांचे तीन-चार फौजी मित्र आधीच येऊन बसले होते. बांधाचं पाणी मी पहिल्यांदाच बघत होते. एवढ्या रखरखीत डोंगरांच्या मधोमध एवढं निळं पाणी असेल अशी मला कल्पना नव्हती. बाबा काठावर उभे राहिले आणि त्यांनी नुसता श्वास घेतला. माशांचा वास येतोय, म्हणाले. आईच्या मरणानंतर त्यांच्या आवाजात तो सूर मी ऐकला नव्हता.

होडी काठाला आणली. मी पिशवीतून बूच काढलं, आत वाकले, दाबलं आणि अर्धा वेढा दिला.

आवाज आला नाही. बूच पूर्वीपेक्षा बोटभर खोल गेलं आणि तरी माझ्या हातात हललं. तीन आठवड्यांत जयपूरच्या हवेनं त्यातलं पाणी पिऊन टाकलं होतं. मागे सगळे उभे, मेजरसाहेब शीड सोडवताहेत, आणि बाबा माझ्या डोक्यावरच उभे होते.

"बसला?" त्यांनी विचारलं.

आता सैल आहे म्हणावं तर सगळ्यांसमोर त्यांचं काम पडणार. मी म्हटलं, "बसला."

ते क्षणभर थांबले. मग त्यांनी हात पुढे केला, माझा खांदा धरला आणि पाय उचलून होडीत टाकला. त्यांचं बसणं ठरलेलं नव्हतं. रीत बूच बसवणाऱ्याची, म्हणजे माझी होती. म्हाताऱ्याला मुलीची सोबत हवी आहे, असा मेजरसाहेबांचा समज झाला, आणि मला तेव्हा काही समजावून सांगायचं त्राण नव्हतं. बाबा मधल्या फळीवर बसले, मेजरसाहेब सुकाणूशी आणि मी त्यांच्या पायांपाशी, तळावर, बुचाजवळ. आमच्या यांनी आणि एका फौजी मित्रानं होडी ढकलली. यांचा चेहरा पांढरा पडला होता. त्यांनाही पोहता येत नव्हतं.

वारा चांगला होता. शीड फडफडलं, फुगलं आणि काठ झपकन मागे गेला. पन्नास हात गेलो असू नसू, बुचाभोवती पाणी उसळायला लागलं. आधी थेंब थेंब, मग करंगळीएवढी धार. माझं लुगडं भिजलं. मेजरसाहेबांनी खाली बघितलं आणि ते एकदम म्हणाले, परत फिरू या. बाबांच्या कानांवर धारेचा आवाज गेला होता. त्यांनी हात वर करून मेजरसाहेबांना थांबवलं आणि मला म्हणाले,

"हात ठेव. काडू नको. लाकडाक पानी पिवक दी."

मी बुचावर तळहात दाबून धरला. पाणी बोटांमधून येत राहिलं. मेजरसाहेब एका हातानं सुकाणू सांभाळत दुसऱ्या हातानं डब्यानं उपसत होते आणि दर वेळी माझ्याकडे बघत होते. पाणी माझ्या घोट्यांपर्यंत आलं. मी देवाचं नाव घेतलं नाही, सुचलंच नाही. बाबा मधूनमधून म्हणायचे, जरा फिरव, आणि मी जरासं फिरवायची. काठावरची माणसं लहान झाली होती. किती वेळ गेला कुणास ठाऊक. मग मला जाणवलं की बोटांमधली धार बारीक झाली आहे. आधी वाटलं मनाचे खेळ. पुन्हा अर्धा वेढा दिला, आणि लाकूड माझ्या हाताखाली अडलं. फिरेना. ते हाताखाली भरत होतं, मला ते कळत होतं. धारेची सुतळी झाली, सुतळीचा दोरा झाला, मग एक-एक थेंब, आणि मग काहीच नाही. आमच्या परड्यातला फणस, ज्याला मेलेला समजून मी त्याच्यावर पाच वर्षं पोळ्या लाटल्या होत्या, तो माझ्या तळहाताखाली पाणी प्यायला होता. मला रडू फुटलं. भीतीचं नव्हतं ते.

"थांबला?" बाबांनी विचारलं.

"थांबला."

या वेळी त्यांनी माझ्या शब्दावर सोडलं नाही. चाचपत खाली वाकले, उरलेलं पाणी हातानं बाजूला सारलं आणि बुचाच्या कडेनं अंगठा फिरवला. मग सरळ होऊन बसले आणि तोंड वाऱ्याकडे केलं. मेजरसाहेबांनी त्यांच्या सांगण्यावरून बांधात दोन मोठ्या फेऱ्या मारल्या. वारा कुठून येतोय ते बाबा गालावरून सांगत होते.

काठावर आल्यावर मेजरसाहेबांनी त्यांचे पाय धरले. फौजी मित्र मिस्त्रीजी, मिस्त्रीजी करत भोवती जमले. कमाल केलीत म्हणाले, डोळे नसताना एवढं काम. मी वाट बघत होते. हे माझ्या मुलीनं केलं, एवढं तरी म्हणतील असं मला वाटलं होतं, ते एक अक्षरही बोलले नाहीत. खोटं कशाला सांगू, मला लागलं ते. परतीच्या बसमध्ये मी खिडकीबाहेर तोंड करून बसले.

घरी आल्यावर न राहवून मी विचारलंच. बूच सैल होतं, मी खोटं बोलले, हे तुला कळलं नव्हतं का? ते म्हणाले, "आवाज इलो नाय." म्हणजे त्यांना पहिल्यापासून माहीत होतं. "मगे बसलस कित्याक?" मग होडीत बसलास कशाला, म्हणून मी ओरडलेच. ते म्हणाले, लाकूड ओळखीचं होतं. मग म्हणाले की तू बसणार होतीस ना. मग मी दुसरं विचारलं, जे खरं विचारायचं होतं. एवढी माणसं तुझं कौतुक करत होती, तेव्हा माझं नाव का नाही घेतलंस?

"बगल्याशिवाय काय सांगतलंय?" ते म्हणाले.

न बघितलेल्या कामाची ग्वाही त्यांनी आयुष्यात कुणासाठी दिली नव्हती. सैल बुचाच्या होडीत डोळे नसताना बसायला ते तयार होते, पण न बघितलेल्या कामाला चांगलं म्हणायला तयार नव्हते. माझा राग गेला असं म्हणत नाही. पण त्या माणसासमोर मला फार लहान वाटलं.

त्या दिवसापासून बूच माझ्या स्वयंपाकघरात पाण्याच्या बरणीत राहायला लागलं. मेजरसाहेब बांधावर जायचे त्या दिवशी येऊन घेऊन जायचे, संध्याकाळी परत आणून द्यायचे. भिश्त्याला मी ती बरणी दाखवली, तर तो पोट धरून हसला.

पावसाळ्यानंतर डॉक्टर म्हणाले, पिकला. एका डोळ्याची शस्त्रक्रिया झाली. डोक्याच्या दोन्ही बाजूंना वाळूच्या पिशव्या लावून बाबा कितीतरी दिवस न हलता पडून होते. पट्टी निघाली, जखम भरली आणि महिन्या-दीड महिन्यानं मी त्यांना चष्मा करायला बाजारात घेऊन गेले. चष्मेवाला म्हातारा मारवाडी होता, फार सावकाश काम करणारा. त्यानं बाबांच्या नाकावर ती जड चौकट बसवली, एकामागून एक भिंगं घालायला लागला आणि समोरच्या पाटीवरची अक्षरं वाचा म्हणाला. बाबांना वाचता येत नव्हतं. मी ते सांगणार तोच बाबांनी अंगातल्या कोपरीच्या खिशात हात घातला. खिसा ओला झालेला होता. त्यांनी बरणीतून बूच उचलून आणलं होतं, मला पत्ता नव्हता.

त्यांनी ते डोळ्यासमोर धरलं. चष्मेवाला भिंग बदलायचा आणि बाबा मान हलवायचे, हे नाही. हे नाही. तिसऱ्या की चौथ्या भिंगाला त्यांची मान थांबली. मग त्यांनी बूच सावकाश सगळ्या बाजूंनी फिरवून बघितलं. एका अंगाला माझी काच जास्त चालली होती, तिथे ते जरासं चपटं झालं होतं. तिथे त्यांनी अंगठा ठेवला आणि बराच वेळ काढला. चष्मेवाला विचारत होता, दिखता है, बाबा? साफ दिखता है?

बाबांनी बूच त्याच्यासमोर धरलं, आणि त्या परक्या माणसाला, ज्याला आमच्या बोलीतलं अक्षर कळणार नव्हतं, अगदी स्पष्ट आवाजात सांगितलं,

"ह्या माज्या चेडवान केल्यान."

काय म्हणताहेत, चष्मेवाल्यानं मला विचारलं. माझ्या मुलीनं केलं म्हणताहेत, एवढंच हिंदीत सांगायचं होतं. मला ते सांगता आलं नाही. मी मान हलवली आणि म्हटलं, हां भैया, दिखता है.